पाहुण्यांपुढे मांडलेला वार्षिकांक

एम.ए. मराठीच्या पहिल्या वर्षी अमरावतीत मी एकच गोष्ट मनापासून शिकले, लोकांचं बोलणं चोरून ऐकणं. कँटीनमध्ये, मेसमध्ये, बडनेऱ्याच्या फलाटावर अकोल्याच्या गाडीची वाट बघताना. दोन बायांची जुंपली की मी गाडीसुद्धा सोडून द्यायचे. मैत्रिणी म्हणत, "तुले काही कामधंदा नाही काय वं?" नव्हताच. मला कादंबरी लिहायची होती आणि ती तिथेच, होस्टेलच्या त्या कळकट खोलीत लिहायची होती. अकोल्याच्या घरी चार ओळी लिहायला बसलं की कुणीतरी दळण आणायला पाठवतं.

म्हणून अमरावतीचं दुसरं वर्ष मला हवंच होतं. त्याशिवाय माझ्या हातून काही होणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. बाबांनी मात्र उन्हाळ्याच्या सुट्टीतच सांगून टाकलं, "रविवारी पाहुणे येऊन राह्यले. पोरगा चांगला आहे, नोकरी पक्की. जमलं तं तुळशीचं लग्न झालं का उरकून टाकू." मी जेवले नाही, बोलले नाही, आदळआपट केली. कुणी ढुंकून पाहिलं नाही.

आमच्याकडे मुलगी दाखवताना तिची कला मांडून ठेवायची पद्धत आहे. आत्याच्या वेळी दाराला मण्यांचं तोरण होतं म्हणे, मावशीच्या वेळी भिंतीवर भरतकामाचा मोर. मला ना तोरण येतं ना मोर. आईला त्याचाच घोर लागला होता. शेवटी तिने कॉलेजचा वार्षिकांक शोधून काढला, माझी कथा छापली होती त्या पानात उदबत्तीच्या पुड्याचा कागद घातला आणि अंक टीपॉयवर ठेवला. पानावर माझा फोटो होता, खाली नाव होतं, तेवढं तिने कौतुकाने पाहिलं होतं. कथा वाचली नव्हती. मी साडी नेसून, चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले तेव्हा अंक मुलाच्या मामांच्या मांडीवर उघडा होता.

ती कथा मी दिवाळीच्या सुट्टीत आधीचे एक पाहुणे मला बघून गेल्यावर लिहिली होती. रडत लिहिली होती, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

मामांनी चष्मा लावला आणि शाळेतल्या गुरुजींसारखं मोठ्याने वाचायला घेतलं. "पाहायला आलेल्यांना वाटतं, मी इथे बसले आहे. मी केव्हाच उठून गेले. माझ्या जागी साडी बसवून ठेवली आहे. ती मान हलवेल, ती हो म्हणेल, तिला घेऊन जा. मला शोधू नका."

वर पंखा तेवढा कुरकुरत होता. मला वाटलं, झालं, आता हे उठणार. बाबा मला फाडून खातील, खाऊ देत, पण मी सुटले. मी ट्रे खाली ठेवला.

"वा!" मामा म्हणाले. "काय लिवते पोरगी! वाक्य पाहा न एकेक!"

मुलाची आई म्हणाली, "आमच्या महिला मंडळात सूत्रसंचालन करायले कोणी भेटतच नाही, बापा." मुलगा पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसला. आणि बाबा! बाबांना मला कुठे ठेवू नि कुठे नको झालं होतं.

"मामा, हे खरंच माह्यं म्हणणं आहे," मी म्हणाले. "मले अमरावतीलेच राहू द्या. मले लग्न..."

"शिका न, बाई, परीक्षा बाहेरून देता येते," मामांनी मला पुढे बोलूच दिलं नाही. "आन लिवा, खूप लिवा. घरचं आवरल्यावर तुमाले कोन अडवते?"

सगळे हसले. जिने कथेत इतकं ओरडून सांगितलं तिला शाबासकी देऊन ते चहा प्यायले, आणि उठताना होकारच देऊन गेले.

मी स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला टेकले. आई कपबशा विसळत होती. पाठमोरीच म्हणाली, "ते साडीचं लिवलं ते... खरं हाय काय?"

"हो, आई."

तिचे हात थांबले. ती म्हणाली, "मलेबी असंच वाटे तवा."

मी तिचा ओला हात घट्ट धरला. "मंग बाबाले सांग न, आई. एक वर्ष फक्त. तुह्यं ऐकतीन ते." ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या ओठांवर काहीतरी आलं होतं, मी शपथेवर सांगते.

तेवढ्यात बाहेरून बाबांनी आवाज दिला, "अवं, पंचांग कुठी ठेवलं?"

आईने माझ्या हातातून हात सोडवून घेतला, पदराला पुसला, आणि फळीवरचं पंचांग काढून त्यांना नेऊन दिलं.