गलबताच्या पोटात बसणारी माणसं

माझं लग्न ठरलं तेव्हा रोह्यात कुणीतरी सांगितलं, की धरमतरच्या त्या घरातले पूर्वज आरमाराच्या गलबतांवर होते. झालं. मी एवढी बावळट, की सासरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात तलवार शोधायला माळ्यावर चढले. हाती लागला एक लाकडी हातोडा, बोथट छिन्नी आणि तेलकट कापसाचे बोळे.

"काय शोधतेस गो?" खालून सासऱ्यांनी विचारलं.

"तलवार."

"ती लढणाऱ्यांकडं. आपण सुतार. वर तोफा चालायच्या तवा आपली माणसं गलबताच्या पोटात. भोक पडलं की लाकडाचा दट्ट्या ठोकायचा, फटीत तेलाचा कापूस दाबायचा. लढाई कोण जिंकलं, तेसुद्धा वरच्यांनी सांगितल्यावर कळायचं."

मला इतकी लाज वाटली, की माहेरी जाऊन मी तलवार पाहिल्याचंच सांगितलं. तिची लांबीसुद्धा हात पसरून दाखवली.

आमचे हे तेच काम करायचे, फक्त तोफा नव्हत्या. भात नि मीठ मुंबईला नेणारे मचवे होते. घरचा रिवाज मात्र जुनाच. ज्यानं फटी भरल्या, त्यानं पहिल्या फेरीला कंदील घेऊन तळाशी बसायचं, पाणी कुठून झिरपतं ते बघत. मी मागं लागायची, "एकदा तरी वर डोलकाठीपाशी उभे राहा, धक्क्यावरच्या बायकांना दिसाल तरी." हे नुसते हसायचे.

मग माल ट्रकनं जायला लागला आणि मचव्यांवर कुणी खर्च करीना. एका मचव्याची तळाची फळी कुजली होती. यांनी नवी मागितली. मचव्याचा मालक म्हणाला, "कापूस भर नि सोड." यांनी भरला. घरी जेवताना म्हणाले, "या फेरीला मी नाय जात."

सासऱ्यांचा घास हातातच राहिला. "आपण भरलेल्या फटीवर आपलाच भरवसा नाय?"

हे गेले.

खाडीच्या तोंडाशी मचवा बुडाला. वरचे सगळे पोहून आले. एकेक जण घरी येऊन बसायचा, आणि सासरे प्रत्येकाला तेच विचारायचे, "पाणी फटीतनं आलं का फळीतनं?" कुणाला ठाऊक असणार? ते वर होते.

मला त्या म्हाताऱ्याचा इतका राग यायचा, की मी ताट आपटून वाढायची. पोटचा मुलगा गेला, आणि याला फट हवी.

सासरे जाऊनही आता कैक वर्षं झाली. फळीतनं आलं असेल तर मालकानं मारलं. फटीतनं आलं असेल तर यांच्याच हातानं. मी फळीच म्हणते. नुसती म्हणते.