ताईची सही

पिस्कॅटवेचं घर घेताना बँकेने स्वतःपुरता टायटल इन्शुरन्स, म्हणजे घराच्या मालकीत पुढे खोट निघाली तर भरपाई देणारा विमा, सक्तीचा केला होता. आमच्यासाठीचा ऐच्छिक होता. मी म्हटलं, कशाला? जुनी कागदपत्रं तपासून झालीच आहेत, आणि ही अमेरिका आहे, इथे कोण खोटं लिहून देतं? पुण्यात तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट हातात असूनही वकिलाला दहा वेळा विचारणारा मी, इथे येऊन पार भोळा सांब झालो होतो. बायकोने माझं न ऐकता आमचीही पॉलिसी घेतली.

दोन वर्षांनी एका वकिलाचं पत्र आलं. आम्हाला घर विकणाऱ्याने आपण वडिलांचे एकमेव वारस असल्याचं लिहून दिलं होतं. त्याला एक बहीण होती, टेक्सासला. अर्धं घर तिचं होतं.

माझं डोकंच फिरलं. न पाहिलेल्या त्या बाईला मी कित्येक महिने घरबसल्या शिव्या घातल्या. मुलगी शाळेतून आली की विचारायची, "आर वी मूव्हिंग, बाबा?" पॉलिसी होती म्हणून टायटल कंपनीने आपला वकील दिला. दावा खरा निघाला. कंपनीने बहिणीला तिचा वाटा दिला, हक्क सोडल्याची सही घेतली, आणि घर पुरतं आमचं झालं.

पुढे एका शनिवारी सकाळी तीच दारात उभी राहिली. साठीची, जरा थकलेली. परसात वडिलांनी लावलेलं अंजिराचं झाड बघू का, म्हणाली. बायकोने तिला चहा दिला. मी अवघडून म्हटलं, आम्हाला खरंच काही माहीत नव्हतं.

"तुमच्या पाठीशी कंपनी होती," ती म्हणाली. "माझ्या पाठीशी भाऊही नव्हता."

मला तिचं फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली. या घराचं डाउन पेमेंट बाबांचा पुण्यातला फ्लॅट विकून केलं होतं. त्याआधी भाऊबीजेला गेलो तेव्हा ताईपुढे मी हक्कसोडपत्र ठेवलं होतं. ओवाळून झाल्यावर ताट बाजूला सारून तिने सही केली, वाचलंसुद्धा नाही. सगळे करतात तसंच मीही केलं, एवढंच तेव्हा वाटलं होतं.

बाई गेल्यावर ताईला फोन लावला. आमच्यावर आलेल्या दाव्याचं तिला माहीत होतं. कुठून सुरुवात करावी ते मी जुळवत होतो, तेवढ्यात तिनेच विचारलं, "त्या बाईला तिचा वाटा मिळाला का रे?"