कराची ते लंडन, एकोणचाळीस तास

परवा नातू लंडनला निघाला. विमान कंपनीच्या पुस्तिकेतला नकाशा दाखवून म्हणाला, "आजोबा, विमान असं वाकडं का जातं?" मी टोपलीतलं संत्रं घेतलं, त्यावर दोरा ताणला आणि तीच वाट जवळची कशी, ते दाखवलं.

"हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

अमरावतीत आयुष्यभर भूगोल शिकवताना मी या प्रश्नाला "माझं मलाच सुचलं" असं उत्तर देत आलो. परवा ते तोंडातून निघेना.

शिकवलं माझ्या मित्रानं. वऱ्हाडावर इंग्रजांचा अंमल होता, आणि कराचीहून लंडनला विमानानं टपाल जाऊ लागलं होतं. आम्ही दोघं अकोल्यात मॅट्रिकला. त्याचं घर जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या काठी. घरची फुलशेती, आई हार ओवायची. शाळेच्या ऑफिसातल्या सरस्वतीला रोज हार घालायचं काम त्याचं.

अमरावतीच्या कॉलेजात एका विद्यार्थ्याची राहण्याजेवणाची सोय होणार होती. कोणाची, ते ठरवायला मास्तरांनी गणित घातलं. ताशी शंभर मैलांनी जाणारं विमान कराचीच्या विमानतळावरून न थांबता लंडनला किती तासांत उतरेल? भिंतीवरच्या नकाशावर मोजून माझे बावन्न तास आले. बाकीच्यांचेही तेवढेच.

संध्याकाळी मित्रानं मला नदीवर नेलं आणि खिशातून हाराचा दोरा काढला. त्यावर शाईच्या दोन खुणा.

"एकोणचाळीसच होतात, गड्या. नकाशा चपटा हाये. दुनिया चपटी हाये का बे?"

हार घालायला गेल्यावर त्यानं ऑफिसातल्या पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहिला होता.

"मले काहून सांगून राहिला?"

"तुले नाई सांगू तं कोणाले सांगू?"

दुसऱ्या दिवशी एकोणचाळीस हे उत्तर दोनच कागदांवर निघालं. मास्तरांनी विचारलं, "कोणी कोणाचं पाहिलं?" मागून कोणीतरी ओरडलं, "फुलवाल्याले लंडन कुठून दिसलं बे?" वर्ग हसला. मित्रही हसला.

"सर, मी ऑफिसातल्या गोलावर मोजलं. याले इचारा ना. याले सारं मालूम हाये."

मी उभा राहिलो. माझे वडील एका वकिलाकडे कारकून होते. मी म्हणालो, "मला काही माहीत नाही, सर. मी वकीलसाहेबांच्या घरच्या गोलावर मोजलं."

वकीलसाहेबांच्या घरी गोल नव्हता. पण तिथं जाऊन पाहणार कोण? मित्राला आठवडाभर वर्गाबाहेर उभं केलं. तो दारातून माझ्याकडे पाहत राहायचा. त्याच्या डोळ्यांत राग असता तर मला बरं वाटलं असतं. मी असं बोललो, हे त्याला अजून खरंच वाटत नव्हतं.

सोय मलाच मिळाली. अमरावतीला जायला बडनेऱ्याच्या गाडीत बसलो तेव्हा तो स्टेशनवर आला. खिडकीतून तोच दोरा माझ्या हातात दिला.

"ठेव. वाळवून मोजजो. हाराचा दोरा ओला असते, अन् ओला दोरा ताणला की लांबते. हे तुले सांगाचं राहून गेलं होतं."

मास्तरांनी मला एवढंच विचारलं असतं, कशानं मोजलंस आणि दोरा ओला होता की कोरडा, तर मी तिथेच उघडा पडलो असतो.

नातवाला मी हे सगळं सांगितलं.  तो म्हणाला, "आणि त्यांना जाऊन कधी भेटलात?"

अमरावतीहून अकोला साठ मैल. गाडीनं अडीच-तीन तास. मी एकदाही गेलो नाही.