नव्या चष्म्यातला चेंडू

आमच्या बँकेतली मंडळी दर रविवारी सकाळी हैदराबादच्या अंबरपेठेतल्या मैदानावर क्रिकेट खेळतात. मी तिसऱ्या नंबरवर जायचो. मोठा बॅट्समन कधीच नव्हतो, पण बॅट सरळ यायची आणि विकेट सहसा फेकायचो नाही. मागच्या हिवाळ्यात मात्र मी सारखा बोल्ड होऊ लागलो, तेही साध्या, हळू चेंडूंवर. बोलरच्या हातातला चेंडू स्वच्छ दिसायचा. टप्पा पडला की तो कुठे जायचा, तेच कळायचं नाही.

"मियाँ, उमर हो गई. अब अंपायरिंग करो," कॅप्टन हसत म्हणाला. मीही हसलो, पण आतून खट्टू झालो. वय झालं म्हणावं, तर लांबचं इतकं स्पष्ट कसं दिसतं?

त्याच आठवड्यात मुलीची पुस्तकं घ्यायला आम्ही कोठीच्या पुस्तकबाजारात गेलो. दुकानाचा जिना उतरताना मागून बायको म्हणाली, "अहो, मान एवढी खाली घालून का उतरताय?"

"त्याशिवाय पायरी नीट दिसत नाही."

"कधीपासून?"

"नवा चष्मा आल्यापासून," म्हणालो आणि जिन्यातच थांबलो. वरून लोक "चलो भई, चलो" करू लागले.

माझा चष्मा प्रोग्रेसिव्ह होता. काचेच्या वरच्या भागातून लांबचं दिसायचं, खालच्या भागातून वाचायचं आणि कडेला सगळंच थोडं पुसट. खेळताना मी बोलरकडे खांदा करून आडवा उभा राहायचो, म्हणजे चेंडू जवळ येताना काचेच्या कडेला सरकायचा. टप्प्यानंतरचा चेंडू तर थेट वाचायच्या भागात शिरायचा.

"मग खेळायला लांबचा वेगळा चष्मा करून घ्या," बायको म्हणाली. उपाय सोपा होता. पण याच चष्म्यातून जमतं का, हे मला बघायचं होतं. संध्याकाळी गच्चीवर ती रबरी बॉल टाकत राहिली आणि मी पाय फिरवून, हनुवटी खाली घेऊन उभा राहत गेलो. छाती जवळजवळ तिच्याकडे वळली, तेव्हा कुठे बॉल बॅटवर येईपर्यंत दिसला.

रविवारी तसाच उभा राहिलो. कॅप्टन नॉन-स्ट्रायकरला होता. "ये कैसा खडे रे मियाँ? फोटो खिचाने आए क्या?"

पहिलाच चेंडू टप्पा पडून वर येताना दिसला, त्याची शिवणसुद्धा. किती दिवसांनी. पायाजवळचे चेंडू मी लेगला ढकलत राहिलो, धावा जमत गेल्या. पण ज्या कव्हर ड्राइव्हचा मला अभिमान होता, तो या उभं राहण्यातून निघेना. ऑफच्या बाहेरचा एक चेंडू ओढून मारायला गेलो आणि मागे झेल दिला.

बाहेर आल्यावर कॅप्टनने माझा चष्मा मागून घेतला, डोळ्यांवर लावला आणि मान वरखाली करत बराच वेळ पिचकडे बघत राहिला.

"इसमें से खेले तुम?" एवढंच तो म्हणाला.

अजून मी तिसऱ्या नंबरवरच जातो. बोलर आता मुद्दाम ऑफच्या बाहेर टाकतात. त्यातले बरेचसे मी सोडून देतो, आणि ते कीपरच्या हातात जाईपर्यंत बघत राहतो.