सासऱ्यांसाठी केलेला माठ

कसं सांगू तुम्हाला, स्वतःच्या हातानं इतकं पद्धतशीर वाटोळं करायलाही अंगात कला लागते. हसा, पण चहा निवू देऊ नका.

आमचे सासरे ब्राह्मणपुरीचे. फ्रिजचं पाणी त्यांना चालत नाही, माठाचंच लागतं. बारा वर्षांत त्यांनी माझं एकदाही कौतुक केलेलं नाही. या मे महिन्यात ते तळोद्याला आमच्याकडे येणार होते. म्हटलं, स्वतः माठ करून त्यातलं पाणी पाजायचं. मग कसे बोलत नाहीत ते बघू.

आमच्या गल्लीतल्या भिकनआबा कुंभारांच्या चाकावर बसलो. हात माझे, अक्कल आबांची. माठ झाला, वाळला, आबांच्या भट्टीतून लालबुंद भाजून निघाला. घरी आणून भरला, तर तासाभरात खाली पाण्याचं थारोळं.

मी तरातरा आबांकडे. "आबा, कच्चा भाजला तुम्ही. गळतोय."

आबा शांतपणे म्हणाले, "गये नही गुरुजी, त्याले घाम यी ऱ्हायना. येऊ द्या."

गळत नाही, घाम येतोय म्हणे! मला वाटलं, म्हातारा चूक झाकतोय. बडोद्याला एक मित्र चिनी मातीची भांडी करतो. त्याच्याकडे माठ नेला, आतून-बाहेरून झिलई दिली, पुन्हा भट्टीत घातला. काय सांगू, निळाशार, काचेसारखा गुळगुळीत. पाण्याचा थेंब बाहेर येईल तर शपथ.

सासरे आले. मी पेला भरून पुढे धरला. ते एक घोट प्यायले. थांबले.

"जवाईबापू, चहा कराले ठेयेल पानी शे का हाई?"

"नाही मामा, माठातलं आहे. मीच केलाय."

ते उठले, माठावरून हात फिरवला. "हाऊ कोरडा शे. माठ झिरपी तवयच पानी थंड व्हई ना." मग माझ्या बायकोकडे वळले. "सुनंदा, हाऊ शाळामा काय शिकाडस?"

ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "विज्ञान. बाष्पीभवनाला दरवर्षी माठाचंच उदाहरण देतात."

सासरे परत येऊन बसले. मग, देव त्यांचं भलं करो, तो कोमट पाण्याचा अख्खा पेला त्यांनी संपवला आणि अजून एक मागितला. मला भरून आलं.

जाताना एसटीत माठ मांडीवर घेऊन गेले. आता त्यात सासूबाईंचं कैरीचं लोणचं आहे. बुरशी नाही, डाग नाही. ब्राह्मणपुरीत येईल त्याला सासरे कौतुकानं दाखवतात, "मन्हा जवाईनी सोता बनाडेल बरणी शे."

बारा वर्षांनी कौतुक झालं. तो माठ होता, हे मी त्या गावात अजून कुणालाही सांगितलेलं नाही.