खरी की ठरलेली

“खरी की ठरलेली?” हा कुस्तीचा प्रश्न तो कशालाही लावायचा. नर्स हसली, कुणाला बिंगो लागला, जेवणात कोंबडी आली, की डोळे बारीक करून विचारायचा.

तुमच्यापैकी ज्यांचे आईवडील अमेरिकेत एडिसनला मुलांकडे राहतात, त्यांना म्हाताऱ्यांची ही सेंटरं माहीत असतील. सकाळी व्हॅन येऊन आम्हाला गोळा करते, तीन वाजता घरी आणून टाकते. तिथे तो माझ्या टेबलावर बसायचा. ब्राझीलचा, नव्वदीला टेकलेला. माझं इंग्रजी भाजी आणण्यापुरतं, त्याचं कुस्तीपुरतं.

लांब पांढरे केस तो डाव्या कानामागे अडकवून ठेवायचा. कान भज्यासारखा वळलेला. माझ्या तिन्ही भावांचे कान तालमीत असेच मोडले होते.

“कुस्ती?” मी कानाकडे बोट केलं.

“हा खरा आहे, सेन्योरा.”

तरुणपणी तिकडे सर्कशीच्या तंबूत तो उभा राहायचा आणि गावातला कोणीही त्याला भिडायचा. समोरचा हार मानेपर्यंत हातपाय पिळायचे. त्या कुस्तीला कॅच म्हणतात. सात वर्षं कोणी त्याला हरवलं नाही. मग एक अमेरिकन मॅनेजर ‘मोठ्या कुस्त्या देतो’ म्हणून इकडे घेऊन आला. डोक्यावर पिसांचा मुकुट घालून त्याला जंगली माणूस बनवलं आणि रोज हरायला सांगितलं. एकोणीस वर्षं तो ठरल्याप्रमाणे हरला.

“सोडलं का नाही?”

“मुलगा झाला होता.”

“मग आता रडू नका.”

दोन दिवस तो दुसऱ्या टेबलावर जाऊन बसला.

नव्वदाव्या वाढदिवसाला तोच मुलगा केक घेऊन आला. सगळ्यांसमोर बापाशी पंजा लढवला आणि तोंड वेडंवाकडं करत हरला. टाळ्या पडल्या. म्हाताऱ्याने हात पँटला पुसला.

“तुलाही ठरलेलीच येते,” तो म्हणाला. मग माझ्यापुढे कोपर टेकवलं. “सेन्योरा, तुम्ही ठरवू नका.”

पन्नास वर्षं भाकऱ्या थापलेला हात आहे माझा. मी जोर लावला. त्यानेही लावला, कपाळाची शीर फुगली. शेवटी त्याचाच हात टेबलाला लागला.

“खरी?”

“खरी.”

तो कवळी हलेपर्यंत हसला. दिवसभर दिसेल त्याला सांगत होता, “मी हरलो.”

मुलगा माझ्यावर चिडला. “आंटी, आज त्यांचा बर्थडे होता.”

“म्हणूनच,” मी म्हणाले.

थंडी सरायच्या आत तो गेला. सेंटरने व्हॅनमधून आम्हाला शेवटचं बघायला नेलं. पेटीशेजारी मुलाने मोठा फोटो लावला होता, पिसांच्या मुकुटातला, कान झाकलेला. पेटीतही केस नीट विंचरून कानावर आणले होते.

मी ते कानामागे सारले. मुलगा बघत होता. बघू दे.