राजाचा शिंपी

हे माझ्या नवऱ्यालाही माहीत नाही. तीस वर्षांच्या संसारात त्याच्यापासून लपवलेलं असं हे एकच — आणि ते मी आज तुम्हाला सांगतेय, म्हणजे ज्यांच्यासमोर मला उद्या उभं राहायचं नाही, त्यांना. यातही भित्रेपणा आहेच. पण निदान सांगते तरी.

मी बेंगळुरूत गाइड आहे. माहेर निपाणीचं, त्यामुळे घरात मराठी आणि शाळेत कन्नड. इंग्रजी पुढे कॉलेजात आलं. नवरा सरकारी कारखान्यात इंजिनिअर, म्हणून आम्ही बसवनगुडीत. मुलगी शिकायला बाहेर पडली आणि दिवस खायला उठायला लागले, तेव्हा मी गाइडचं प्रशिक्षण घेतलं. दर रविवारी माझी अर्ध्या दिवसाची टूर असते. सकाळी सातला नंदीच्या देवळापासून सुरुवात, मग टिपूचा लाकडी महाल, किल्ल्याचा दरवाजा, तिथून पेटेतल्या, म्हणजे जुन्या बाजारपेठेतल्या, गल्ल्यांमधून पायी, आणि बाराच्या आत कॉफी पिऊन निरोप. पाहुणे बहुतेक परदेशी. सात-आठ जण.

माझी टूर चांगली असते हो. हे मी बढाई म्हणून सांगत नाही — पुढचं कळायला ते लागेल. लोकांना काय आवडतं ते मला पटकन कळतं. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, कुठे हसवायचं. आणि मुख्य म्हणजे, लोकांना काय ऐकायचं नसतं ते.

पेटेतल्या एका गल्लीत रंगनाथअण्णांचं शिंप्याचं दुकान होतं. दुकान म्हणजे दोन पायऱ्या, एक मशीन, कापायचं टेबल, आणि भिंतीवर एक जुना काळा कोट टांगलेला. अण्णा सत्तरी ओलांडलेले. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूतलं, पण घरची भाषा मराठी — कन्नडमध्ये बुडवून काढलेली. मी पहिल्यांदा तिथून गेले तेव्हा फोनवर नवऱ्याशी बोलत होते. अण्णांनी मशीन थांबवलं आणि विचारलं, "ताई, तुमी मराठी काय?" बस, तेवढ्यावर ओळख झाली. पुढच्या रविवारी मी पाहुण्यांना घेऊन त्यांच्या दुकानाशी थांबले. खरा शिंपी, जुनं पायाचं मशीन — फोटोला छान.

अण्णांनी सगळ्यांकडे पाहिलं, नाकावरचा चष्मा काढला, आणि मला म्हणाले, "हे लोक कुठून कुठून येतात, नाही? ताई, स्वल्प माझं एक सांगता काय त्यांना?"

आणि त्यांनी सांगितलं. त्यांना एकच मुलगा, मोहन. वीस-बावीस वर्षांचा असताना त्याने कुणाच्या तरी लग्नाचा कोट कापला आणि तो छातीत तोकडा झाला. गिऱ्हाईक ओरडलं. अण्णांनी सगळ्यांदेखत मोहनच्या थोबाडीत मारली. तो त्याच संध्याकाळी घर सोडून गेला. मुंबईला गेला, मग तिथून परदेशात, एवढंच कुणाकडून तरी कळलं. आई त्याची वाट बघत गेली. आणि बऱ्याच दिवसांनी अण्णांनी मापाची जुनी वही उघडली, तर त्या कोटाचं माप त्यांच्याच हस्ताक्षरात होतं. चुकीचं. "मुलानं बरोबर कापलेलं, ताई. मी लिहिलं तसंच कापलेलं. ह्यांना सांगा, असा कोण शिंपी कुठं भेटला, डाव्या मनगटावर इस्त्रीचा डाग हाय, तर त्याला म्हणावं — माप अप्पानं चुकवलं. ये."

मी पाहुण्यांकडे वळले. सात माणसं. ऊन चढलेलं, आम्ही वीस मिनिटं मागे होतो, गाडी तिकडे चौकात उभी. सगळे हसऱ्या तोंडाने वाट बघत होते, मी आता काय सांगणार म्हणून. त्यातल्या एकाने भिंतीवरच्या कोटाकडे बोट करून विचारलं, हे राजघराण्याचे शिंपी का?

मी हो म्हटलं.

का म्हटलं? हा प्रश्न मी स्वतःला इतक्यांदा विचारलाय की आता त्याचा आवाजच येत नाही. त्या क्षणी वाटलं, दोन मिनिटांचा प्रश्न आहे, कशाला यांची सकाळ जड करायची. मी सांगितलं, यांच्या आजोबांनी म्हैसूरच्या महाराजांचे कोट शिवले, हा त्यांतलाच एक. खोटं इतकं सहज आलं — जणू आधीच शिवून तयार होतं. पाहुण्यांनी माना हलवल्या. एका बाईने छातीवर हात ठेवला. दोघांनी अण्णांना हात जोडले. अण्णांनीही हात जोडले. त्यांचे डोळे भरले होते.

"सांगितलंत ना, ताई?"

"सांगितलं, अण्णा."

एकदाच झालं असतं तर — पण मी तुम्हाला हे एकदाचं म्हणून सांगत नाहीये. मधला कोरोनाचा काळ सोडला, तर सहा वर्षं मी दर रविवारी तिथे थांबले. सहा वर्षं अण्णा तेच सांगत राहिले, जवळजवळ त्याच शब्दांत, आणि मी महाराजांचा कोट सांगत राहिले. गोष्ट वाढत गेली. राजाने आजोबांना चांदीची कात्री दिली. आजोबा डोळे बांधून काज करायचे. लोक घरी जाऊन टूरबद्दल लिहायचे, त्यात सगळ्यात जास्त कौतुक राजाच्या शिंप्याचं असायचं. काही जण तर नाव घेऊन विचारायचे, शिंप्याकडे नेणार ना?

मग अण्णांनी पट्ट्या करायला सुरुवात केली. पांढऱ्या नाडीचे बोटभर तुकडे, त्यावर लाल दोऱ्याने कन्नडमध्ये शिवलेलं — मोहन, आणि खाली दुकानाचा पत्ता. आठवडाभर बसून करायचे. नजर कमी झालेली, तरी. रविवारी प्रत्येकाच्या हातात एकेक द्यायचे. "बोललेलं विसरतात माणसं," म्हणायचे. "हे खिशात राहील." मी पाहुण्यांना काय सांगितलं? ही राजाच्या शिंप्याची सही आहे, जवळ ठेवा, शुभ असते. कुणी ती बॅगेला बांधली, कुणी टोपीला. ती अक्षरं वाचता येणारं पाहुण्यांत कुणी नव्हतं. मोहनचं नाव जगभर गेलं असेल — कुणालाही न कळता.

एकदा अण्णांनी मला विचारलं. पाहुणे पुढे गेले होते. म्हणाले, "ताई, हे सारखं महाराजा महाराजा काय म्हणतात?"

तेव्हा तरी सांगावं — नाही? मी म्हणाले, "ते म्हणतात अण्णा, तुमचा मुलगा जिथे असेल तिथे राजासारखा असेल."

अण्णा म्हणाले, "सरी. सरी." म्हणजे बरं, बरं. आणि मशीनवर जाऊन बसले. त्या दिवशी ते खूश होते, हे मी पाहिलं. ते बघून मला बरं वाटलं — हेही लिहायला हवं. मला बरं वाटलं.

तुम्ही म्हणाल, तू स्वतः का नाही शोधलंस? फोन हातात असायचा. नाव माहीत, आडनाव माहीत. सुचलं नाही असं म्हणू का? सुचलं होतं. एका सोमवारी दुपारी मी नाव टाइप करायलाही घेतलं होतं. आणि मग थांबले. मोहन सापडला, आला, तर पहिल्या रविवारी सगळं उघडं पडणार. अण्णा काय सांगत होते आणि मी काय सांगत होते. मी फोन ठेवला आणि भाजी निवडायला बसले. मेथी होती. हे इतकं स्पष्ट आठवतं.

अण्णा गेले ते एका बुधवारी, झोपेत. मला रविवारीच कळलं, शटर खाली होतं म्हणून. शेजारी बटणं आणि लेसचं दुकान आहे, त्या काकांनी सांगितलं. मी पाहुण्यांना घेऊन पुढे गेले. त्या दिवशीची टूर मी पूर्ण केली.

दोन महिन्यांनी काकांचा फोन आला. "ताई, मोहन आलाय. अण्णांचा मोहन. तुम्ही या."

काकांच्या भाचीने शोधला होता. अण्णांच्या मागे दुकानाचं काय करायचं, म्हणून तिने फोनवर नाव घालून पाहिलं आणि दोन दिवसांत सापडला. मेलबर्नमध्ये कपडे दुरुस्तीचं दुकान, बाहेर नावाची पाटी, पाटीखाली त्याचा फोटो. दोन दिवस. काका मला दारातच म्हणाले, "आधीच बघायला पाहिजे होतं हो. पण तुम्ही दर आठवड्याला इतक्या लोकांना सांगत होता, आम्हाला वाटलं ताई करतायत, आपण मध्ये कशाला."

हे वाक्य मी इथे जसंच्या तसं ठेवते. मी नुसतं गप्प बसले असते, तरी अण्णांचं काम कुणी ना कुणी केलं असतं. मी ते करतेय असं दिसत राहिले, म्हणून कुणीच केलं नाही.

मोहन दुकानात उभा होता. पन्नाशीकडे आलेला, केस पांढरे, अण्णांसारखाच किंचित वाकून उभा राहणारा. बरोबर पंधरा-सोळा वर्षांची मुलगी. तिला मराठी येत नव्हतं, कन्नडही नाही. मी आत गेल्यावर मोहनने हात जोडले. त्याचं मराठी अडखळत होतं, किती वर्षांत तोंडात आलेलं नसणार.

"काका बोलले सगळं. तुम्ही अप्पाचं सांगत होता. सहा वर्षं." तो म्हणाला. "तुमचे उपकार, ताई."

मी मान हलवली. नकारार्थी नाही. नुसती हलवली.

मग तो म्हणाला, "हिला ऐकायचंय. अप्पा काय सांगायचा. तुम्ही त्यांना सांगायचात तसंच सांगा ना, इंग्लिशमध्ये."

आणि मी सांगितलं. त्याच दोन पायऱ्यांवर उभी राहून, त्याच मशीनशेजारी, पहिल्यांदा. लग्नाचा कोट, थोबाडीत, आईचं वाट बघणं, मापाची वही. मुलाने बरोबर कापलं होतं. माप अप्पाने चुकवलं. ये. एकही शब्द अडला नाही. सहा वर्षं दर आठवड्याला ऐकलेलं सगळं तोंडपाठ होतं. मिनिटभर लागलं असेल. तेवढंच लागतं.

मोहन टेबलाला धरून खाली बसला. वहीचं त्याला माहीत नव्हतं. इतकी वर्षं त्याला वाटत होतं की कोट त्यानेच बिघडवला. मनगट त्याने दुसऱ्या हाताने घट्ट धरलं होतं. तो रडला नाही, फक्त मला म्हणाला, "माझ्या दुकानात इंडिया फिरून आलेले लोक येतात, ताई. पुष्कळ येतात."

मला माहीत आहे. मी घरी येऊन माझी पाहुण्यांची जुनी वही काढली. मेलबर्नची चार कुटुंबं आहेत. त्यांतल्या एका बाईने मला विचारलं होतं, ते म्हातारे रडतायत का? मी म्हटलं होतं, राजाची आठवण काढली की त्यांना भरून येतं.

मुलगी आजोबांच्या मशीनच्या चाकावर हात ठेवून उभी होती. मग तिने मला विचारलं — इंग्रजीत, अगदी हळू, आणि राग माझ्यावर नव्हता — इतक्या लोकांना तुम्ही हे सांगितलंत, आणि त्यांतल्या एकानेही आम्हाला शोधलं नाही?

मोहन माझ्याकडे बघत होता. काका दारात होते.

मी म्हटलं, नाही. एकानेही नाही.